ऑरलँडोचा रोजचा वळीव: पावसाळ्यात डिस्नी वर्ल्ड कसं बघावं

अमेरिकेतल्या मराठी घरांत ऑरलँडोची सहल बहुतेक वेळा जून ते ऑगस्टमध्येच ठरते. मुलांच्या शाळेला सुट्टी तेव्हाच असते, आणि पुण्या-नाशिकहून आलेले आई-बाबाही तेव्हाच इथे असतात. फ्लोरिडाचा पावसाळा नेमका याच दिवसांत येतो. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये सातही दिवसांवर ढग-विजेचं चित्र दिसलं की घरात चर्चा सुरू होते: तिकिटं बदलायची का, पैसे बुडाले का, आईला ताप आला तर काय?

आमच्या पहिल्या सहलीत मी मोठी चूक केली. डिस्नी वर्ल्डच्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडममध्ये दुपारी पावणेतीनच्या सुमारास आभाळ काळंकुट्ट झालं आणि गडगडायला लागलं. मी कोकणातल्या पावसात वाढलेला. असं आभाळ भरून आलं म्हणजे आता संध्याकाळपर्यंत सुटका नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. मी सगळ्यांना बाहेर काढलं. पार्किंग तळ्यापलीकडे, बोटीशी पोचलो तर विजांमुळे बोट थांबलेली. मोनोरेलची रांग लांबलचक, आणि शेवटी उघड्या पार्किंगमध्ये गाडी शोधताना आई नखशिखान्त भिजली. हॉटेलवर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. पुन्हा जायचं त्राण कुणातच उरलं नव्हतं. त्यानंतर मी हा पाऊस नीट समजून घेतला. पुढच्या तीन सहलींत जे उपयोगी पडलं, ते इथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: हा पाऊस ओळखा

हा आषाढातला पाऊस नाही, वैशाखातला वळीव आहे. आपल्याकडे तो मे महिन्यात चार-सहा वेळा येतो, इथे जवळजवळ रोज. सकाळी कडक ऊन, दुपारी मळभ, मग वारा, गडगडाट आणि धो धो सर. तासा-दीड तासात सगळं निवळतं.

कारण भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकलेलंच आहे: खारे वारे. फ्लोरिडा हा समुद्रात घुसलेला लांबट जमिनीचा पट्टा आहे. पूर्वेला अटलांटिक, पश्चिमेला मेक्सिकोचं आखात. सकाळभर जमीन तापते, हवा वर जाते आणि दोन्ही किनाऱ्यांवरून खारे वारे आत शिरतात. दुपारी ते मध्य भागात एकमेकांना भिडतात, दमट हवा सरळ वर फेकली जाते आणि गडगडाटी ढग उभे राहतात. ऑरलँडो बरोबर त्या मध्य भागात आहे. त्यामुळे या पावसाला एक ढोबळ वेळापत्रक असतं: साधारण दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान. हंगाम मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत.

आकडा बघितला तर भीती आणखी कमी होईल. ऑरलँडोला वर्षभरात साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून जास्त जून ते सप्टेंबरमध्ये. लोणावळ्याला याच्या तिपटीच्या आसपास पडतो. इथल्या पाण्याची आपल्याला काय भीती! भीती बाळगायची ती विजेची. अमेरिकेत विजा सगळ्यात जास्त पडणाऱ्या भागांत मध्य फ्लोरिडाचा क्रमांक फार वरचा आहे, आणि पार्कमधल्या राइड बंद होतात त्या बहुतेक करून विजेमुळे. साध्या पावसात पुष्कळ राइड चालू राहतात.

म्हणून सात दिवसांचा अंदाज बघून खचू नका. तिथे ‘साठ टक्के’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ दिवसाचे साठ टक्के पाऊस असा नाही. आदल्या रात्री तासवार अंदाज बघा आणि प्रत्यक्ष दिवशी फोनवर रडारचा नकाशा. ढग कोणत्या दिशेने सरकतोय आणि किती दूर आहे, हे त्यावर डोळ्यांनी दिसतं. दहा मिनिटांत ही सवय लागते आणि सगळ्या सहलीत तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

दुसरी पायरी: बुकिंग करतानाच पावसाची वेळ धरा

पाऊस आला म्हणून पार्कच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे वेळांची आखणी हाच उपाय.

डिस्नीमध्ये रांग टाळण्यासाठी पैसे भरून ‘लायटनिंग लेन मल्टी पास’ घेता येतो. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना तो सात दिवस आधी, इतरांना तीन दिवस आधी निवडता येतो, आणि सुरुवातीला तीन राइडसाठी तासाभराच्या वेळा ठरवता येतात. इथे बहुतेक लोक राइड किती गाजलेली आहे एवढंच बघतात. तुम्ही ती छपराखाली आहे की उघड्यावर, हे बघा. उघड्यावरच्या राइडची वेळ दुपारी एकच्या आत घ्या, इमारतीच्या आतल्या राइडची दोन ते पाचमध्ये. तरीही तुमच्या वेळेत राइड विजेमुळे बंद पडलीच, तर तो पास वाया जात नाही. अ‍ॅपमध्ये तो आपोआप बदलतो आणि नंतर त्याच किंवा यादीतल्या दुसऱ्या राइडला वापरता येतो. हे माहीत नसल्याने लोक काउंटरवर भांडायला जातात आणि भिजतात.

जेवणाचं टेबल आधी राखून ठेवणार असाल तर तेही दुपारी अडीच-तीनचं घ्या. भूक लागू नये म्हणून अकरा वाजता हलकं खाऊन घ्या. बाहेर कोसळत असताना आत निवांत बसून जेवायचं, आई-बाबांचे पायही मोकळे होतात.

चक्रीवादळाची गोष्ट वेगळी. त्यांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. डिस्नी वर्ल्ड क्वचितच बंद राहतं, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इयन आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन आलं तेव्हा ते बंद ठेवलं होतं. डिस्नीचं हॉटेल-तिकीट पॅकेज घेतलं असेल आणि पोचायच्या दिवसाआधीच्या सात दिवसांत ऑरलँडो भागासाठी चक्रीवादळाचा अधिकृत इशारा निघाला, तर त्यांच्याकडून दंडाशिवाय तारीख बदलता येते किंवा बुकिंग रद्द करता येतं. विमान आणि बाहेरचं हॉटेल यात येत नाही, त्यासाठी प्रवास विमा वेगळा काढावा लागतो. भारतातून येणाऱ्यांसाठी तारखा निवडायला वाव असेल, तर सप्टेंबर मी टाळेन.

तिसरी पायरी: बॅग

पॉन्चो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) घरूनच घेऊन जा. पार्कमध्ये मिळतात, पण तेच डॉलरच्या दुकानात कितीतरी स्वस्त. एकदा वापरून फेकायचे पातळ पॉन्चो माणशी दोन घ्या, कारण पहिला फाटतोच. आई-बाबांसाठी मात्र जरा जाड, बटणं असलेला, पूर्ण बाह्यांचा घ्या. पातळ पॉन्चो वाऱ्यात तोंडावर येतो आणि वयस्क माणूस गोंधळतो. स्ट्रोलरसाठी प्लॅस्टिकचं आवरण वेगळं. नसेल तर मोठ्या मापाचा एक पॉन्चो त्यावर टाकला तरी चालतं. राइडवर जाताना स्ट्रोलर बाहेर उघड्यावर राहतो, तेव्हा आभाळ स्वच्छ असलं तरी आवरण घालूनच जा.

छत्री मला पटत नाही. गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यांत जाते, एक हात अडकतो आणि त्या वाऱ्यात उलटी होते. सासूबाईंना छत्रीशिवाय चैनच पडत नाही, म्हणून एक छोटी घडीची ठेवतो. तिचा खरा उपयोग सकाळच्या उन्हासाठी झाला.

आता कपडे आणि पाय, इथे थोडं थांबून वाचा. जीन्स नको. भिजलेली जीन्स जड होते, वाळत नाही आणि दिवसभर चालून मांड्या सोलवटून निघतात. सुती साडीही नको. ओली साडी पायांत गुंतते. पटकन वाळणारा कृत्रिम धाग्याचा कुर्ता-सलवार किंवा ट्रॅक पँट सगळ्यात बरी. पायांत भिजले तरी चालतील असे, मागून पट्टा असलेले सँडल. पूर्वी घालून सरावलेले. बूटच हवे असतील तर माणशी मोज्यांचे दोन जादा जोड झिपच्या पिशवीत. ओल्या मोज्यांत चार तास चाललं की पायाला फोड येतात आणि पुढचे दोन दिवस जातात. या सहलीत रोज दहा-बारा किलोमीटर सहज चालणं होतं, म्हणून पाय सांभाळणं हे सगळ्यात आधी.

टॉवेलऐवजी पंचा घ्या. आपला साधा सुती पंचा मुठीत मावतो, चार जणांची डोकी पुसतो आणि पिळून बॅगेला बांधला की उन्हात अर्ध्या तासात वाळतो. आमच्या बॅगेत आता दोन पंचे कायमचे असतात. शिवाय प्रत्येकाचा एक पातळ स्वेटर. हे विचित्र वाटेल, पण भिजून आत शिरल्यावर तिथला एसी अंगात भरतो. लहान मुलं आणि आजी-आजोबा पावसाने आजारी पडत नाहीत, या थंडीने कुडकुडतात. औषधं, पासपोर्टची प्रत, फोनची बॅटरी हे सगळं झिपच्या पिशव्यांत.

चौथी पायरी: सकाळ वाया घालवू नका

वळिवाच्या दिवसाची सकाळ सोन्याची असते. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चारही पार्कांत अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, तो सोडू नका. बाहेर राहत असाल तरी उघडायच्या चाळीस मिनिटं आधी दारात पोचा.

सकाळी फक्त उघड्यावरच्या राइड. मॅजिक किंगडममध्ये सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, ट्रॉन, टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर, जंगल क्रूझ, डम्बो. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये स्लिंकी डॉग डॅश, कारण वीज चमकली की ती हमखास बंद. तुमच्या तारखांना कोणती राइड दुरुस्तीसाठी बंद आहे हे अ‍ॅपमध्ये आधी बघा. मुलं ‘आधी स्पेस माउंटन’ म्हणून हट्ट धरतील. त्यांना सांगा, ती छपराखाली आहे, ती दुपारी कुठे जात नाही.

पाचवी पायरी: ढग दिसला की वीस मिनिटं आधी हला

सगळी मेख इथे आहे. पहिला गडगडाट झाला की उघड्यावरच्या राइड बंद होतात आणि तिथली सगळी गर्दी एकदम आतल्या राइडकडे वळते. पंधरा मिनिटांची रांग बघता बघता तासाची होते. तुम्ही रडारवर ढग येताना पाहिलात आणि वीस मिनिटं आधी आत शिरलात, तर पाऊस पडायला लागतो तेव्हा तुम्ही रांगेत पुढे असता, कोरडे.

कुठे शिरायचं, ते पार्कानुसार बदलतं.

मॅजिक किंगडम १९७१ मध्ये उघडलं. त्यातल्या जुन्या राइडच पावसात उपयोगी पडतात: पायरेट्स ऑफ द कॅरिबियन, हाँटेड मॅन्शन, इट्स अ स्मॉल वर्ल्ड. टुमॉरोलँडमधला कॅरुसेल ऑफ प्रोग्रेस हा १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी बनलेला प्रयोग. वीस-एकवीस मिनिटं गार खुर्चीत बसायचं, रांग सहसा नसतेच. हॉल ऑफ प्रेसिडेंट्सही तसाच. आई-बाबांना घेऊन मी या दोन ठिकाणी मुद्दाम जातो. तरुण मंडळी ही ठिकाणं कंटाळवाणी म्हणून सोडतात, पण सत्तरीच्या माणसाला भर दुपारी वीस मिनिटांची बैठक म्हणजे संध्याकाळची तरतरी. मेन स्ट्रीटवर, म्हणजे दारापासून किल्ल्याकडे जाणाऱ्या दुकानांच्या रस्त्यावर, पावसाने गाठलंच, तर किल्ल्याकडे तोंड करून डाव्या हाताच्या दुकानांत शिरा. ती आतून एकमेकांना जोडलेली आहेत, त्या रस्त्याच्या जवळजवळ शेवटापर्यंत कोरडं जाता येतं.

एपकॉटमध्ये मागच्या बाजूला तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, वळसा जवळजवळ दोन किलोमीटरचा आणि बराचसा उघडा. तिथे वळिवात सापडू नका. तो भाग संध्याकाळसाठी ठेवा आणि दुपार पुढच्या बाजूला काढा: स्पेसशिप अर्थ, समुद्री जिवांचं मोठं मत्स्यालय, आणि द लँड नावाची इमारत. या एका छपराखाली सोअरिन ही राइड आहे, जेवायची जागा आहे आणि लिव्हिंग विथ द लँड ही बोटीची फेरी. माझं सगळ्यात लाडकं ठिकाण हेच. बोट खऱ्याखुऱ्या काचघरांतून जाते. मातीशिवाय वाढवलेली, अधांतरी मुळं लोंबणारी रोपं, टोमॅटो, भोपळे, माशांची तळी. माझे बाबा शेतकरी घरातले. बाहेर धो धो पाऊस असताना ते तीनदा या बोटीत बसले आणि रात्री फोनवर काकांना ठिबकच्या नळ्यांची जाडी सांगत होते. मागे अडकलातच, तर मेक्सिकोच्या पिरॅमिडमध्ये शिरा. आत कायम संध्याकाळचा बाजार भरलेला असतो आणि एक शांत बोटही आहे.

हॉलिवूड स्टुडिओज वळिवाच्या दिवशी सगळ्यात सोयीचं, कारण त्यातल्या मोठ्या राइड आतच आहेत: राइज ऑफ द रेझिस्टन्स, मिलेनियम फाल्कन, टॉवर ऑफ टेरर, मिकी-मिनीची रनअवे रेल्वे, टॉय स्टोरी मेनिया.

अ‍ॅनिमल किंगडम सगळ्यात उघडं. तिथे सकाळी लवकर जाऊन दीड-दोनपर्यंत निघावं. राहिलातच तर पँडोरामधल्या दोन्ही राइड, लायन किंगचा आणि नीमोचा प्रयोग हे आतले आहेत. पण पाऊस थांबल्या थांबल्या किलिमांजारो सफारी धरा. भर दुपारच्या उकाड्यात झाडाखाली पडून असलेले प्राणी हवा गार झाली की उठून हिंडायला लागतात. आणि नुसती रिमझिम असेल, वीज नसेल, तर काली रिव्हर रॅपिड्सला जा. नाहीतरी भिजायचंच आहे.

ऑरलँडोत डिस्नीशिवाय युनिव्हर्सलची पार्कंही आहेत, त्यांबद्दल थोडक्यात. पार्किंग मजल्यांच्या इमारतीत आणि तिथून येणारा सरकता रस्ता छपराखाली, त्यामुळे पावसात ये-जा सोपी. फॉरबिडन जर्नी, ग्रिंगॉट्स, ट्रान्सफॉर्मर्स, ममी आत. हॅग्रिडची मोटारसायकल आणि व्हेलॉसिकोस्टर उघड्यावर, ती सकाळी. मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्समध्ये चालायचा भाग बराच उघडा आहे. तिथे जादूच्या मंत्रालयातली हॅरी पॉटर राइड आणि मॉन्स्टर्स अनचेन्ड दुपारसाठी राखा.

सहावी पायरी: वीज चमकत असताना काय करू नये

बाहेर पडू नका. मी केली ती चूक हीच. पार्कचं दार ओलांडलं की पुढचा सगळा प्रवास उघड्यावरचा असतो. मॅजिक किंगडमचं पार्किंग तळ्यापलीकडे, बोट विजेत थांबते, स्कायलाइनर या रोपवेचे पाळणे विजेत आणि जोराच्या वाऱ्यात थांबतात. म्हणजे सगळ्यात धोक्याच्या वेळी तुम्ही सगळ्यात उघड्या जागी उभे राहता.

अमेरिकेच्या हवामान खात्याचा नियम साधा आहे: गडगडाट ऐकू आला की आत जा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटं आतच थांबा. वीज ढगापासून १६ किलोमीटर दूरही पडू शकते, म्हणून डोक्यावर निळं आभाळ आहे यावर जाऊ नका. झाडाखाली उभं राहू नका. नुसतं वर छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या, अशा मांडवाखाली पावसापासून आडोसा मिळतो, विजेपासून नाही. भिंती असलेली पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली गाडी हवी. हॉटेलच्या पोहण्याच्या तलावातूनही जीवरक्षक सगळ्यांना बाहेर काढतात, तेव्हा ‘पाच मिनिटं’ म्हणून मुलांना थांबवू नका.

वयस्क माणूस बरोबर असेल तर ओल्या फरशीवर हात धरा. रांगेतल्या उतारांवर पाय घसरतो.

सातवी पायरी: पाऊस थांबला, आता तुमची वेळ

पाच-साडेपाचला ऊन परत येतं. निम्मे लोक, पूर्वी आम्ही गेलो तसे, निघून गेलेले असतात. बंद राइड एकदम चालू होत नाहीत, आधी रिकाम्या फिरवून बघतात. ज्या राइडवर जायचं तिच्या आसपास पोचून अ‍ॅपवर नजर ठेवा. ती पुन्हा सुरू झाल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं रांग फारच छोटी असते. आम्हाला माइन ट्रेन एकदा अशीच लागोपाठ दोनदा मिळाली.

परेड पावसामुळे रद्द झाली असेल तरी लगेच हिरमुसू नका. मॅजिक किंगडममध्ये तिच्याऐवजी काही वेळा पावसासाठीची छोटी मिरवणूक काढतात. आतषबाजीही नुसत्या पावसात बहुतेक होते, विजा असतील तर लांबते किंवा रद्द होते. ओल्या मेन स्ट्रीटवर दिव्यांचं प्रतिबिंब पडतं तेव्हा आई-बाबांचा किल्ल्यासमोरचा फोटो काढा. आमच्या घरी दिवाणखान्यात लावलेला फोटो तोच आहे.

कधी कधी एखादं वादळ जवळून जातं आणि दिवसभर खरोखर झड लागते. त्या दिवशी पार्कचा हट्ट सोडा. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्या हॉटेलात जा. पार्कचं तिकीट लागत नाही. तिथल्या सना रेस्टॉरंटमध्ये आफ्रिकी-भारतीय धाटणीचं जेवण मिळतं, नान आणि चटण्यांचं मोठं ताट प्रसिद्ध आहे, आणि खिडकीबाहेर जिराफ-झेब्रे चरताना दिसतात. चार दिवस बर्गर-फ्राइज खाल्लेल्या आजोबांचा चेहरा ते ताट बघून उजळतो. टेबल आधी राखून ठेवा.

परतताना गाडीचे दिवे लावा. फ्लोरिडात पावसात हेडलाइट चालू ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि आय-फोर महामार्गावर सरीत समोरचं काही दिसत नाही. सर फारच जोराची असेल तर पुढच्या फाट्याला उतरून पेट्रोल पंपावर पंधरा मिनिटं थांबा.

खोलीत आल्यावर आधी बूट. आतले तळवे काढून वेगळे ठेवा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बोळे बदला आणि सकाळी हॉटेलचा केस वाळवायचा ड्रायर पाच मिनिटं फिरवा. पंचे न्हाणीघरात दोरीवर, पॉन्चो झटकून उलटे टांगलेले. मग उद्याचा तासवार अंदाज बघून गजर लावा, सहाचा.